इलेक्ट्रममध्ये ब्रॉडकास्टचा एरर आला? पुन्हा पाठवण्याआधी हे वाचा

इलेक्ट्रम वॉलेटमधून बिटकॉइन पाठवताना सही झाली, ब्रॉडकास्ट (म्हणजे व्यवहार नेटवर्कवर सोडणं) दाबलं आणि समोर पाटी आली की सर्व्हरने एरर दिला, दुसरा सर्व्हर वापरून पाहा किंवा इलेक्ट्रम अपडेट करा. अशा वेळी घाईत तीनपैकी एक चूक होते. कोणी तीच रक्कम पुन्हा पाठवतो. कोणी एरर सर्चमध्ये टाकून पहिल्याच दुव्यावरून 'अपडेट' उतरवतो. कोणी टेलिग्रामवर हाक मारतो आणि दोन मिनिटांत 'सपोर्ट'वाला हजर होतो. पहिल्या चुकीत पैसे दोनदा जातात. उरलेल्या दोन्हींत वॉलेटच रिकामं होतं. मूळचा एरर मात्र बहुतेक वेळा किरकोळ असतो.

पहिली चूक मी स्वतः केली आहे. एका डिझायनरच्या कामाचे पैसे द्यायचे होते, एरर आला, मी वैतागून तेवढीच रक्कम पुन्हा पाठवली. जेवण करून येतो तर दोन्ही व्यवहार एकाच ब्लॉकमध्ये शेजारी शेजारी बसलेले. माणूस ओळखीचा होता म्हणून दुसरी रक्कम परत आली.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. तिसऱ्यात अडचण सुटली तर चौथ्याकडे जायचं कारण नाही, पण पहिला सोडून थेट सातव्यावर उडी मारू नका.

## आधी एवढं समजून घ्या

इलेक्ट्रम अख्खी ब्लॉकचेन (बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची, ब्लॉकांना ब्लॉक जोडून बनलेली नोंदवही) तुमच्या मशीनवर उतरवत नाही. ते प्रत्येक ब्लॉकचा फक्त ८० बाइटचा मथळा घेतं आणि तुमचे व्यवहार त्या ब्लॉकांत खरंच आहेत का, याचा पुरावा तपासतं. बाकी सगळं, म्हणजे तुमच्या पत्त्यांवर काय आलं, काय गेलं, सध्या फी किती चालली आहे, हे ते एखाद्या सर्व्हरला विचारतं. हे सर्व्हर कंपनीचे नसतात. कोणीही स्वतःचा सर्व्हर उभा करून यादीत येऊ शकतो, त्याची ना नोंदणी होते ना छाननी.

सही ज्यांनी होते त्या खाजगी चाव्या मात्र तुमच्याकडेच राहतात आणि सहीही तुमच्याच मशीनवर होते. सर्व्हरच्या हातात जातो तो सही झालेला व्यवहार. कोणाच्या हाती सही केलेला धनादेश बँकेत पाठवावा तसं हे आहे. त्या माणसाला आकडा बदलता येत नाही, नाव खोडता येत नाही. पण तो धनादेश खिशात ठेवून 'बँक बंद होती' असं सांगू शकतो. आणि बँकेत भरूनही 'घेतला नाही' असं सांगू शकतो. सगळी गोची या दुसऱ्या शक्यतेत आहे.

धनादेशाशी एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे धनादेश तीन महिन्यांत शिळा होतो. सही झालेला बिटकॉइन व्यवहार शिळा होत नाही. त्यातली नाणी (नाणं म्हणजे एखाद्या व्यवहारातून तुमच्या पत्त्यावर आलेली, अजून न वापरलेली रक्कम) दुसरीकडे खर्च झाली नसतील, तर तो सहा महिन्यांनीही कोणी पुढे सरकवू शकतो. सातवा टप्पा याचसाठी आहे.

## तयारी

आवृत्ती पाहा. हेल्प मेन्यूत अबाउट उघडा. आकडा ३.३.४ पेक्षा जुना असेल तर वॉलेट बंद करा, नेटही तोडा, आणि नवी आवृत्ती बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिसेंबर २०१८ मध्ये हल्लेखोरांनी यादीत ढीगभर सर्व्हर घुसवले होते. वापरकर्त्याने पैसे पाठवले की त्यांचा सर्व्हर एरर म्हणून सजवलेला मजकूर पाठवायचा: सुरक्षा अपडेट आवश्यक आहे, इथून उतरवा. तेव्हाची इलेक्ट्रम तो मजकूर जसाच्या तसा, दुव्यासकट, स्वतःच्या खिडकीत दाखवायची. लोकांना वाटलं, वॉलेटच सांगतं आहे. पहिल्या काही दिवसांतच २०० हून अधिक बिटकॉइन गेले. २०२० मध्ये तर जुनी आवृत्ती बरीच वर्षं न उघडलेल्या एकाने एका झटक्यात १,४०० बिटकॉइन गमावल्याचं जाहीर केलं. जुनं वॉलेट 'जरा उघडून बघू' म्हणून उघडणाऱ्यांसाठी हा सापळा आजही लावलेला आहे.

नवी आवृत्ती अधिकृत जागेवरूनच घ्या. पत्ता स्वतः टाइप करा: इलेक्ट्रम डॉट ऑर्ग. सर्चमधल्या जाहिरातीवर, फोरमवरच्या दुव्यावर किंवा एररमधल्या दुव्यावर जायचं नाही. फाइलसोबत सहीची छोटी फाइल मिळते, ती जीपीजी या सही तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पडताळा. मुख्य सही प्रकल्पाचे संस्थापक थॉमस व्होएग्टलिन यांची असते. त्यांच्या चावीचा ठसा (चावी ओळखण्याची अक्षर-आकड्यांची ओळ) एकाच पानावरून उचलू नका, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी जुळवून पाहा. एकदा शिकायला अर्धा तास जातो, पुढच्या वेळी दोन मिनिटं लागतात.

वॉलेट फाइलची प्रत काढा. फाइल मेन्यूत सेव्ह बॅकअप आहे. सीडचे (ज्यातून अख्खं वॉलेट पुन्हा उभं करता येतं त्या गुप्त ओळीचे) शब्द कागदावर आहेत आणि वाचता येत आहेत, एवढं बघून घ्या. ते कुठेही टाइप करू नका. या लेखातल्या पहिल्या सात टप्प्यांत सीड लागतच नाही. कोणी मागितला, तर तो चोर आहे.

वही उघडा. तारीख, वेळ, घेणाऱ्याचा पत्ता, रक्कम, फीचा दर आणि तेव्हा जोडलेल्या सर्व्हरचं नाव लिहा. सर्व्हरचं नाव नेटवर्कच्या खिडकीत दिसतं. नंतर आठवत नाही, म्हणून आत्ताच.

तपासा: कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे ना? घड्याळ काही दिवसांनी चुकलेलं असेल तर सुरक्षित जोडणीच नाकारली जाऊ शकते, आणि बिचारा सर्व्हर उगाच बदनाम होतो.

## टप्पा १: हात आखडता घ्या आणि सही झालेला व्यवहार जपून ठेवा

एररची खिडकी बंद करायला हरकत नाही, पण मागची व्यवहाराची खिडकी उघडी असेल तर ती बंद करू नका. तिच्यात वर ट्रान्झॅक्शन आयडी दिसतो, ६४ अक्षर-आकड्यांचा. तो सर्व्हरने दिलेला नसतो. सही झाल्यावर तुमच्याच वॉलेटने हिशेब करून काढलेला असतो, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवता येतो. तो कॉपी करून मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा.

त्याच खिडकीत सेव्ह आणि एक्सपोर्ट ही बटणं आहेत. सेव्ह केल्यावर व्यवहार हिस्टरीत 'लोकल' म्हणून दिसतो. याचा मोठा फायदा म्हणजे त्यातली नाणी वॉलेट वापरलेली धरतं आणि चुकून दुसऱ्या व्यवहारात घेत नाही. एक्सपोर्टने फाइल वेगळी काढून ठेवा.

खिडकी आधीच बंद झाली आणि हिस्टरीत काहीच दिसत नाही? मग आयडी हाती नाही. घाबरू नका, पुढच्या टप्प्यात पत्त्यावरून शोधता येईल.

पुढच्या वेळेसाठी सवय लावून घ्या: थेट पाठवण्याऐवजी आधी प्रिव्ह्यू, मग सही, मग सेव्ह आणि शेवटी ब्रॉडकास्ट. बटणं दोन जास्त दाबावी लागतात, पण अडलं तर सगळं हाताशी असतं.

सावध: लोकल व्यवहारावर राइट क्लिक करून रिमूव्ह दाबणं म्हणजे तो रद्द करणं नव्हे. तो फक्त तुमच्या यादीतून जातो. सर्व्हरकडे त्याची प्रत पोचलेली असू शकते.

## टप्पा २: व्यवहार खरंच गेला नाही ना, हे बाहेरून पाहा

वॉलेट काय दाखवतं ते क्षणभर विसरा. वॉलेट त्याच सर्व्हरच्या डोळ्यांनी बघत आहे. ब्राउझरमध्ये दोन वेगळे एक्सप्लोरर (ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइट) उघडा, उदाहरणार्थ मेमपूल डॉट स्पेस आणि ब्लॉकस्ट्रीम डॉट इन्फो, आणि दोन्हींत ट्रान्झॅक्शन आयडी टाका.

दोन्हींत सापडला, तर काम झालं आहे. सर्व्हर खोटं बोलला किंवा त्याचं उत्तर वाटेत हरवलं. टप्पा ४ प्रमाणे सर्व्हर बदला, म्हणजे वॉलेटलाही ते दिसेल, आणि तिथेच थांबा.

एकात सापडला, दुसऱ्यात नाही, तर दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा पाहा. फी फार कमी असेल तर काही नोड (बिटकॉइन नेटवर्क चालवणारे कॉम्प्युटर) व्यवहार ठेवतात, काही ठेवत नाहीत.

कुठेच नसेल तर पुढे चला. पण कुठेच नाही याचा अर्थ 'आत्ता दिसत नाही' एवढाच घ्या.

आयडी नसेल तर घेणाऱ्याचा पत्ता शोधा आणि तेवढ्याच रकमेची ताजी नोंद आहे का बघा. त्याहून पक्की खूण म्हणजे तुमचं नाणं. वॉलेटच्या कॉइन्स टॅबमधले पत्ते एक्सप्लोररमध्ये टाका. वॉलेट ज्याला शिल्लक म्हणतं, तेच एक्सप्लोरर खर्च झालेलं दाखवत असेल, तर व्यवहार गेला आहे.

(तुमचे पत्ते आणि आयपी एक्सप्लोररला एकत्र दिसतात. याची फिकीर असेल तर आयपी लपवणारा टॉर ब्राउझर वापरा. मी मोठ्या रकमेसाठी वापरतो, चहापाण्याच्या रकमेसाठी नाही.)

## टप्पा ३: एरर वाचा, दोष कोणाचा ते ठरवा

नव्या आवृत्त्या सर्व्हरचा मजकूर जसाच्या तसा दाखवत नाहीत. ओळखीच्या एररसाठी त्या स्वतःची ठरलेली वाक्यं वापरतात. अनोळखी काही आलं तर फक्त 'सर्व्हरने एरर दिला' एवढंच सांगतात. इलेक्ट्रमच्या कोडमध्ये या प्रकाराला 'अनट्रस्टेड सर्व्हर रिटर्न्ड एरर' असंच नाव आहे, आणि लॉगमध्ये मूळ मजकुराशेजारी 'या संदेशावर विश्वास ठेवू नका' या अर्थाची सूचना मोठ्या अक्षरांत छापलेली असते. लॉग उघडून त्यातल्या सल्ल्याप्रमाणे वागणाऱ्यांसाठी ती आहे.

'ऑलरेडी इन मेमपूल' किंवा 'ऑलरेडी इन ब्लॉकचेन'. मेमपूल म्हणजे ब्लॉकमध्ये जायची वाट बघणाऱ्या व्यवहारांची रांग. याला एरर म्हणणंच चूक. पहिला प्रयत्न पोचला आहे. थांबा.

'मेमपूल कॉन्फ्लिक्ट'. याच नाण्यांवर दुसरा व्यवहार रांगेत उभा आहे. बहुधा तो तुमचाच मघाचा प्रयत्न असतो. टप्पा २ पुन्हा करा, या वेळी नाण्याच्या पत्त्यावरून.

'मिसिंग इनपुट्स'. लोक सर्वात जास्त गोंधळतात ते इथे. अर्थ असा, की तुम्ही जे नाणं खर्च करू पाहता, ते या सर्व्हरला सापडत नाही किंवा खर्च झालेलं दिसतं. कारणं तीन. एक, पहिला प्रयत्न ब्लॉकमध्ये बसून मोकळा झाला. दोन, तोच सीड फोनवरही आहे आणि तिथून ते नाणं आधीच गेलं. तीन, ते नाणं अजून पक्कं न झालेल्या (ब्लॉकमध्ये न बसलेल्या) व्यवहारातून आलेलं आहे आणि या सर्व्हरने तो मूळ व्यवहार पाहिलेलाच नाही, किंवा त्याच्या मेमपूलमधून गळून गेला. तिसरं कारण असेल तर सर्व्हर बदलून काम होतं. पहिल्या दोघांत कितीही सर्व्हर बदला, हेच उत्तर येणार, आणि ते बरोबर असणार. एकामागून एक पाच सर्व्हर बदलून पाचही खोटारडे ठरवणारे मी पाहिले आहेत. खोटं त्यांचं वॉलेट दाखवत होतं, कारण फोनवरचा व्यवहार त्याला कळलाच नव्हता.

'मिन रिले फी नॉट मेट'. फी सर्व्हरच्या किमान दराहून कमी आहे. बरीच वर्षं हा किमान दर व्हर्च्युअल बाइटला (व्यवहाराच्या आकाराचं माप) १ सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) होता. नोड चालवण्याच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या, म्हणजे बिटकॉइन कोअरच्या, अलीकडच्या आवृत्त्यांत तो ०.१ वर आला. म्हणून अर्ध्या सातोशीच्या दराने पाठवलेला व्यवहार एक सर्व्हर घेतो आणि दुसरा नाकारतो. दोघेही प्रामाणिक असतात.

'मेमपूल मिन फी नॉट मेट'. रांग भरली आहे. नोडची प्रतीक्षा-रांग मुळात ३०० एमबीची असते. ती भरली की तळाच्या कमी फीच्या व्यवहारांना दार बंद. सर्व्हर बदलून उपयोग नाही. थांबा किंवा फी वाढवा.

'डस्ट'. फारच बारीक रक्कम. जुन्या पद्धतीच्या पत्त्यासाठी ५४६ सातोशी, नव्या पद्धतीच्या, म्हणजे सेगविट पत्त्यासाठी २९४ सातोशी, त्याखाली नोड घेत नाहीत.

'टू लाँग मेमपूल चेन'. पक्क्या न झालेल्या व्यवहारांवर व्यवहार रचत गेलात आणि साखळी फार लांबली. मर्यादा वर्षानुवर्षं २५ ची राहिली आहे. एक-दोन ब्लॉक जाऊ द्या.

'अनएक्स्पेक्टेड ट्रान्झॅक्शन आयडी'. तुमच्या वॉलेटने काढलेला आयडी एक आणि सर्व्हरने परत दिलेला दुसराच. यात सर्व्हरला सूट देऊ नका, त्याला सोडा आणि वहीत त्याच्या नावापुढे फुली मारा.

यातलं काहीच न जुळणारा, अनोळखी एरर आला असेल तर पुढचा टप्पा.

## टप्पा ४: सर्व्हर बदला, पण नीट

उजवीकडे खाली गोल ठिपका आहे, त्यावर क्लिक केलं की नेटवर्कची खिडकी उघडते. हिरवा म्हणजे थेट जोडलेलं, निळा म्हणजे टॉर किंवा प्रॉक्सीमार्गे, लाल म्हणजे जोडणीच नाही. लाल असेल तर तुम्हाला आलेला एरर व्यवहाराचा नव्हताच.

१. सर्व्हर आपोआप निवडण्याची सोय बंद करा. मांडणी आवृत्तीनुसार थोडी वेगळी दिसते, पण सोय याच खिडकीत असते.

२. यादीतून दुसरा सर्व्हर निवडा, राइट क्लिक करून 'यूज अॅज सर्व्हर'. आधीच्याच मालकाचा भाऊ निवडू नका. नावाचा शेवटचा भाग सारखा असेल तर दोन्ही एकाच घरचे समजा.

३. पोर्ट ५०००२ चा घ्या, तो कूटबद्ध जोडणीचा आहे. ५०००१ वर सगळं उघडं जातं.

४. ब्लॉकची उंची एक्सप्लोररशी ताडून पाहा. एखाद्या ब्लॉकचा फरक चालतो. पन्नासचा फरक असेल तर सर्व्हर मागे पडला आहे, लगेच पुढचा पाहा.

५. हिस्टरी पूर्ण भरेपर्यंत थांबा. शिल्लक आधीपेक्षा वेगळी दिसली, तर आधीचा सर्व्हर काहीतरी लपवत होता, किंवा आत्ताचा लपवतो आहे. तिसरा सर्व्हर साक्षीदार म्हणून घ्या.

तपासा: एकही सर्व्हर जोडला जात नाही? ऑफिस, कॉलेज किंवा हॉटेलच्या वायफायवर ५०००१ आणि ५०००२ हे पोर्ट बंद असणं नेहमीचं आहे. फोनचा हॉटस्पॉट लावून पाहा. नेहमीचा एकच सर्व्हर रुसला असेल तर प्रमाणपत्राची भानगड असू शकते. पहिल्यांदा जोडताना इलेक्ट्रम सर्व्हरचं प्रमाणपत्र जपून ठेवतं, आणि सर्व्हरने ते बदललं की जोडणी नाकारतं. इलेक्ट्रमच्या फोल्डरमध्ये 'सर्ट्स' नावाचं उपफोल्डर आहे, त्यातली त्या सर्व्हरची फाइल काढली की पुन्हा नव्याने ओळख होते. पण हे केवळ तुमच्या माहितीच्या सर्व्हरसाठी करा. अनोळखी सर्व्हर असेल तर सरळ दुसरा निवडा.

सीडवरून वॉलेट नव्यानेच उघडलं असेल आणि जुनी रक्कम दिसत नसेल, तर सर्व्हरच्या नावाने बोटं मोडण्याआधी एक गोष्ट आठवा. इलेक्ट्रम ओळीने २० रिकामे पत्ते दिसले की शोध थांबवतं. तुमची रक्कम त्यापुढच्या पत्त्यावर असेल तर कोणताही सर्व्हर ती दाखवणार नाही.

## टप्पा ५: तोच व्यवहार पुन्हा पाठवा, नवा बनवू नका

या टप्प्यात 'तोच' हा शब्द महत्त्वाचा. सही झालेला एकच व्यवहार शंभर सर्व्हरना दिला तरी त्याचा आयडी एकच राहतो आणि पैसे एकदाच जातात. नवा व्यवहार बनवला की आयडी नवा, आणि नाणी वेगळी असली तर दोन्ही जाऊ शकतात.

आकड्यांत बघू. तुमच्याकडे तीन नाणी आहेत: ०.०१०, ०.००८ आणि ०.००५ बिटकॉइनची. ०.००६ पाठवायचे आहेत. पहिल्या प्रयत्नात वॉलेटने ०.००८ चं नाणं उचललं. एरर आला, व्यवहार सेव्ह झाला नाही, तुम्ही पुन्हा पाठवलं. या वेळी वॉलेटने ०.०१० चं नाणं उचललं. नेटवर्कच्या नजरेत हे दोन स्वतंत्र, वैध व्यवहार आहेत. पहिला सर्व्हरने मागाहून सोडला की समोरच्याला ०.०१२ मिळाले. दुसऱ्यांदाही ०.००८ चंच नाणं वापरलं असतं, तर दोघांपैकी एकच बसू शकला असता. माझ्या डिझायनरच्या वेळी दोन व्यवहारांत वेगवेगळी नाणी गेली होती, म्हणून दोन्ही बसले.

हिस्टरीतला लोकल व्यवहार उघडा आणि ब्रॉडकास्ट दाबा. तिथे नसेल तर टूल्समध्ये लोड ट्रान्झॅक्शन आहे, त्यातून एक्सपोर्ट केलेली फाइल आत घ्या. मग दोन्ही एक्सप्लोररमध्ये आयडी शोधा. 'पाठवलं' ही पाटी वॉलेटने दाखवली तरी बाहेर दिसेपर्यंत मानू नका.

## टप्पा ६: वॉलेटला वगळून पाठवा

तीन वेगळ्या मालकांचे सर्व्हर झाले, तरी अनोळखी एररच येतो आहे? मग व्यवहाराचा मजकूर कॉपी करा. व्यवहाराच्या खिडकीत एक्सपोर्टमध्ये क्लिपबोर्डवर घेण्याची सोय आहे. वर सांगितलेल्या दोन्ही एक्सप्लोररवर ब्रॉडकास्टचं पान आहे, तिथे तो पेस्ट करा.

इथे एक मोठा फायदा आहे. ही पानं नोडचा मूळ नकार सहसा जसाच्या तसा दाखवतात. टप्पा ३ मधली यादी पुन्हा काढा आणि ताडून पाहा. दोन वेगळ्या ठिकाणी एकच कारण आलं तर दोष व्यवहारात आहे, आणि सर्व्हर निर्दोष सुटला.

सही अर्धवट असेल, म्हणजे मल्टिसिगमधली (एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या वॉलेटमधली) दुसरी सही राहिली असेल किंवा हार्डवेअर वॉलेटवर मंजुरी दिली नसेल, तर हा मजकूर कुठेच स्वीकारला जाणार नाही. खिडकीत स्टेटस 'साइन्ड' आहे ना, ते आधी बघा.

सावध: त्या चौकटीत जातो तो फक्त सही झालेला व्यवहार. सीड नाही, खाजगी चावी नाही. 'वॉलेट सिंक करण्यासाठी' शब्द मागणारं पान दिसलं की टॅब बंद करा.

## टप्पा ७: बदला किंवा रद्द करा

इथे यायची कारणं दोनच: फी कमी पडली, किंवा पाठवायचा विचार बदलला.

फी वाढवायची असेल तर हिस्टरीत त्या व्यवहारावर राइट क्लिक करून 'इन्क्रीज फी'. एक नाणं आत आणि दोन पत्ते बाहेर असा साधा सेगविट व्यवहार सुमारे १४१ व्हर्च्युअल बाइटचा असतो. १ च्या दराने १४१ सातोशी, ६ च्या दराने ८४६. नव्या व्यवहाराची एकूण फी जुन्यापेक्षा पुरेशी जास्त हवी, नाहीतर 'इनसफिशिअंट फी' म्हणून बदली नाकारली जाते. किती दर ठेवायचा, हे एकट्या सर्व्हरच्या अंदाजावर सोडू नका. तो आकडाही सर्व्हरच सांगतो. एक्सप्लोररवर चालू दर बघा आणि हाताने टाका.

रद्द करायचं असेल तर त्याच मेन्यूतलं 'कॅन्सल' वापरा. ते तीच नाणी जास्त फीने तुमच्याच पत्त्यावर परत पाठवतं. ही सोय मिळत नसेल, किंवा पहिला व्यवहार यादीतून निघून गेला असेल, तर कॉइन्स टॅबमध्ये जा, पहिल्या प्रयत्नात वापरलेलं नाणं निवडा, कॉइन कंट्रोलमध्ये घ्या आणि ते स्वतःच्या नव्या पत्त्यावर पाठवा. सगळी नाणी हलवायची गरज नाही. पहिल्या व्यवहारातलं एक जरी नाणं खर्च होऊन पक्कं झालं, तरी तो कायमचा बाद होतो.

आणि ते करायलाच हवं. नोड साधारणपणे १४ दिवसांनी अडकलेला व्यवहार विसरतात, म्हणून 'दोन आठवडे झाले, आता गेला' असं समजून लोक दुसऱ्या नाण्यांतून पैसे पाठवतात. नोड विसरले तरी ज्या सर्व्हरला तुम्ही सही केलेला मजकूर दिला होता, त्याच्याकडे प्रत असू शकते.

तपासा: बदलीच्या व्यवहाराला किमान एक पुष्टी मिळेपर्यंत (म्हणजे तो ब्लॉकमध्ये बसेपर्यंत) समोरच्याला वेगळी रक्कम पाठवू नका. मोठ्या रकमेसाठी मी तीन पुष्टी बघतो, म्हणजे साधारण अर्धा तास.

## टप्पा ८: पुन्हा होऊ नये म्हणून

चांगले ठरलेले दोन-तीन सर्व्हर वहीत लिहा आणि त्यातलाच एक कायम निवडा. फक्त एकाच सर्व्हरशी बोलण्याचा पर्याय इलेक्ट्रममध्ये आहे. तो परक्याच्या सर्व्हरसाठी लावू नका. नेहमीच्या मांडणीत वॉलेट बाकीच्या काही सर्व्हरकडूनही मथळे घेतं, त्यामुळे मुख्य सर्व्हर भलत्या साखळीवर असेल तर कळतं. एकालाच धरलं की ही उलटतपासणी जाते.

स्वतःचा सर्व्हर असेल तर मात्र एकच लावा. त्यासाठी बिटकॉइन कोअरचा पूर्ण नोड आणि त्यावर इलेक्टर्स किंवा फुल्क्रम हा सर्व्हरचा प्रोग्रॅम चालवावा लागतो. नोडच ६०० जीबीहून अधिक जागा खातो, म्हणून दोन टीबीची एसएसडी घ्या. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर पहिली जुळणी इतकी रेंगाळते की माणूस नाद सोडतो. महिन्यातून एखादा व्यवहार करणाऱ्याने हा खटाटोप करावा असं मी म्हणणार नाही.

## 'अपडेट' आधीच टाकून बसला असाल तर

वरचे सगळे टप्पे बाजूला ठेवा. त्या मशीनचं नेट तोडा. पासवर्ड बदलून किंवा तो प्रोग्रॅम काढून काही होत नाही, सीड गेला असं धरा.

दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर अधिकृत इलेक्ट्रम सही पडताळून बसवा. आधी अगदी नवं वॉलेट, नव्या सीडसह बनवा आणि शब्द कागदावर लिहा. मग जुना सीड तिथे उघडा आणि उरलेलं सगळं नव्या वॉलेटच्या पत्त्यावर पाठवा. फीमध्ये काटकसर करू नका, इथे तुमची चोराशी शर्यत आहे. चोराचा व्यवहार अजून पुष्टी न होता रांगेत दिसत असेल, तर तीच नाणी त्याच्याहून जास्त फीने स्वतःकडे खेचायचा प्रयत्न करता येतो. कधी कधी जमतं.

दोन-टप्पा वॉलेट वापरत असाल तर एक खूण: खरं इलेक्ट्रम ओटीपी मागतं ते पैसे पाठवताना. उघडतानाच ओटीपी मागितला असेल, तर ते बनावट होतं.

भारतात असाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एखाद्या एक्स्चेंजच्या पत्त्यावर गेले असतील तर लवकर कळवण्याला अर्थ आहे. बिटकॉइन 'परत मिळवून देतो' म्हणणाऱ्याला आगाऊ फी देऊ नका. तक्रारीत ट्रान्झॅक्शन आयडी, चोराचे पत्ते, वेळ आणि सर्व्हरचं नाव द्या, तेही टाइप केलेल्या मजकुरात. स्क्रीनशॉट सोबत जोडा, पण त्यावर विसंबू नका. फोटोतली ६४ अक्षरं बघून टाइप करताना एक जरी चुकलं, तरी तपास करणाऱ्याला एक्सप्लोररमध्ये काहीच सापडत नाही.